वीसनखी

गुरुदक्षिणेत लोक धोतरजोडी देतात, शालजोडी देतात, फार तर एखादी अंगठी. आमच्या यांना कुत्री मिळाली.

हे तेव्हा चोपड्याला शाळामास्तर होते. सातपुड्यात जंगलखात्याचा एक गोरा साहेब नेमणुकीला होता आणि त्याला मराठीची परीक्षा द्यायची होती. म्हणून हे सुट्टीच्या दिवशी त्याच्या बंगल्यावर जाऊन त्याला मराठी शिकवत. साहेबाला शेवटपर्यंत 'ळ' म्हणता आला नाही, पण तो पास झाला, आणि विलायतेला परत जाताना आपली पांढरी, केसाळ, बुटकी कुत्री यांच्या हातात देऊन म्हणाला, "मास्तर, ही तुमची." यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. साहेबाला नाही, पाटलाला नाही, मलाही नाही. त्यामुळे हो म्हणायचं काम यांचं आणि निस्तरायचं माझं, अशी आमच्या संसाराची वाटणी पहिल्यापासून होती.

गल्लीनं तिचं नाव मड्डम ठेवलं. घागरीला टेकून उभी राहिली तर घागर मोठी दिसावी, एवढी ती. तिला इंग्रजीशिवाय कळत नसे. मी "ये, ये" म्हणून घसा कोरडा करायची आणि ती ढिम्म बसून राहायची. हे शाळेतून येऊन "कम" म्हणाले की उड्या मारत जायची. मला याचा फार राग येई. घरात इंग्रजी न येणारी मी एकटीच उरले होते.

आमच्या भागात तेव्हा कुत्रं कुणी पाळत नसे, कुत्रं असे. गल्लीचं असे, खळ्याचं असे, शेताचं असे. शेवटची भाकरी त्याला टाकायची, दारात आलं तर हाड म्हणायचं, आणि चार दिवस दिसलं नाही तर "अरे, ते तांबडं कुठं गेलं?" म्हणून विचारायचं. मड्डमसारखं घरात गोणपाटावर झोपणारं कुत्रं बघायला बायका मुद्दाम हळदीकुंकवाच्या निमित्तानं यायच्या.

त्या तांबड्यानंच घोटाळा केला. गल्लीतला दांडगा, एका कानाचा. पावसाळा सरता सरता मड्डमला चार पिल्लं झाली. दोन तांबूस, एक पांढरं, एक दोन्ही रंगांचं. ती घरात आल्यापासून मी तिच्यावर करवादत होते, पण पिल्लं झाली त्या दिवशी तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यानंतर ती मराठी समजायला लागली, की मला तिचं कळायला लागलं, ते सांगता येत नाही.

यांनी हिशेब मांडला. घर भाड्याचं, दोन खोल्या. मड्डम राहील, पिल्लांना मात्र घरं बघायला हवीत. "बघू की," हे म्हणाले, म्हणजे मी बघायची. मी ठरवलं होतं, की गल्लीत सोडायची नाहीत. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्याची हूल उठली की आमच्याकडे लोक काठ्या घेऊन निघत, आणि ज्याला मालक नाही ते कुत्रं पिसाळलेलंच धरलं जाई. मी एक उन्हाळा ते आवाज ऐकले होते. मला चौघांना चार घरं हवी होती, आणि त्या घरांत ती जगायला हवी होती. यापेक्षा जास्त काही मी मागत नव्हते.

पण एवढीएवढीशी पिल्लं घेणार कोण? शेतकऱ्याला शेतावर डुकरं हाकणारं कुत्रं लागतं. जो येई तो मड्डमकडे बघून हसे. "मास्तरीणबाई, हाई कुत्री शे का ससा?" मी कंटाळून गेले होते.

मग एक दिवस आबा नावाचे एक शेतकरी आले. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी त्यांचं शेत होतं, शेतातच घर. बाजाराला आले की यांच्याकडून सरकारी कागद वाचून घ्यायचे. उंच, वाळलेले, डोक्याला भलंमोठं पागोटं. यांची वाट बघत ओट्यावर बसले होते, तेवढ्यात एक तांबूस पिल्लू त्यांच्या जोड्याला झोंबायला लागलं. त्यांनी ते उचललं, सवयीनं उलटं केलं, आणि त्याचे पाय निरखून बघितले. मग बोटानं नखं मोजायला लागले. एकदा मोजली. परत मोजली.

"ईस," ते हळूच म्हणाले. "माय वं! ईसनखी शे!"

मला काही कळेना. मग त्यांनीच दाखवलं. कुत्र्याला नखं अठरा असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. हिच्या मागच्या पायांना, टाचेच्या वर, आतल्या बाजूनं एकेक जादा बोट लोंबत होतं, नखासकट. असं वीस नखांचं कुत्रं लाखात एक, वाघाला भीत नाही, बिबट्याला अडवतं, ते ज्याच्या शेतात त्याच्या शेतात डुक्कर पाय ठेवत नाही. खानदेशात हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांच्या बायकोला तेवढं माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आबा, हिची आई बघा. केवढीशी आहे. ही पिल्लं वाढायची नाहीत."

"माय नका दखाडा माले, पाय दखाडा," आबा म्हणाले. "तिनी माय ईलायती शे. बिस्कुटं खाईसन कोठे वाढस कोनी? हाई ज्वारीनी भाकर खाई, आपोआप वाढी."

मी मड्डमला उचलून त्यांच्यासमोर धरली. जादा बोटं तिच्याही पायांना होती, आणि ती माझ्या दोन हातांत सबंध मावत होती. आबांनी ती बोटं बघितली आणि त्यांची खात्री आणखीच पक्की झाली. खरं बोलून माणसाचा गैरसमज वाढतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी त्या तांबूस पिल्लाला पागोट्याच्या शेवात गुंडाळलं, मला नारळ दिला आणि गेले. मुलगी बघायला आलेल्या माणसानं पसंती सांगून जावं तसे.

पुढच्या बाजारापर्यंत ही बातमी गावोगाव गेली. मास्तरांच्या घरी वीसनखी पिल्लं. रावेरकडचा एक केळीवाला बागाईतदार खास गाडी जुंपून आला. जवळच्याच गावच्या पाटलानं माणूस पाठवला. सगळे आधी पिल्लू उलटं करायचे. बिचारी पिल्लं हवेत पाय झाडत राहायची आणि ही माणसं मोठमोठ्यानं आकडे म्हणायची. मी प्रत्येकाला सांगितलं: ही वाढणार नाहीत, घरात ठेवा, उंदीर छान मारतील, पोरांशी खेळतील. सगळे मान डोलवायचे आणि आपापसात म्हणायचे, बाईचा जीव जडलाय, म्हणून द्यायला का-कू करते.

दुसरं तांबूस बागाईतदारानं नेलं, दोन रंगांचं पाटलानं. पांढरं राहिलं. त्याच्या एकाच मागच्या पायाला जादा बोट होतं, दुसऱ्याला नव्हतं. एकोणीस नखं. आमच्याकडे दुकानदार कापड दाखवताना सर्रास म्हणतात, "घ्या हो, उन्नीस-बीसचा तर फरक." म्हणजे फरक नाहीच. पण त्या एका नखासाठी त्या पिल्लाला कुणी हात लावेना. अठरा असती तर साधं कुत्रं म्हणून तरी कुणी नेलं असतं. एकोणीस म्हणजे वीस व्हायला निघालं आणि जमलं नाही, असं लोक म्हणायचे. आम्ही त्याला एकोणीसच म्हणायला लागलो.

संक्रांत झाली, होळी झाली. मग एका सकाळी बागाईतदाराची गाडी दारात उभी राहिली. गाडीत केळीच्या घडांवर एक टोपली, टोपलीत तांबूस कुत्रं. मड्डमएवढंच, किंबहुना कानानं थोडं मोठं. बागाईतदार रागावलेला नव्हता, पण मनातून फार दुखावला होता.

"बाई, दूध दिधं, भाकर दिधी, मटनबी दिधं. हाई वाढतच नही."

मी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. मी त्याला चहा दिला.

पाटलांचं कुत्रं पुढच्या बाजारी आलं. "लोके हसतस," एवढंच निरोप्या म्हणाला. पाटलांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं, की आपल्याकडे वाघाला अडवणारं कुत्रं येतंय. आता ते अंगणात आलं की पोरं वाघासारख्या डरकाळ्या फोडायची आणि ते शेपूट हलवत त्यांच्याकडे धावत जायचं. त्याचा तेवढाच गुन्हा होता.

आणि त्याच सुमाराला यांची बदली धुळ्याला झाली. शाळा सुरू व्हायच्या आत हजर व्हायचं होतं. धुळ्याला एका मारवाडी शेठजींच्या घरात माडीवरच्या खोल्या ठरल्या. माणूस देवमाणूस, पण घर सोवळ्याचं. यांनी अर्धा दिवस घालवून एका कुत्रीची परवानगी मिळवली, तीही जिन्याखाली बसेल या बोलीवर. एकीची. यांनी तीन आणखी आहेत हे सांगितलंच नाही, आणि मला घरी येऊन म्हणतात, "बघू की."

मी दारोदार फिरले. खरंच फिरले. शिंप्याकडे, तेल्याकडे, शाळेच्या शिपायाकडे. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, सगळ्यांनी भाकरी टाकायचं कबूल केलं. घरात घ्यायचं म्हटलं की गप्प. पेठेत एका जैन व्यापाऱ्याचं किराणा दुकान होतं. त्यांची सासूबाई जळगावहून लेकीकडे आलेली. म्हातारी रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना स्वतःच्या हातानं पोळी घालायची, पारव्यांना ज्वारी. मला वाटलं, सापडलं घर. मी तिघांना घेऊन दुकानात गेले. तर दोन्ही वीसनख्यांनी गुळाच्या ढेपांमागून एक उंदीर काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत मारला. शाबासकीच्या आशेनं तिच्या पायांशी आणून ठेवला.

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी याच गुणाचा डांगोरा पिटत होते, उंदीर छान मारतील, उंदीर छान मारतील! एकोणीस मात्र जागचं हललं नव्हतं. ते आयुष्यात कधीच कशाच्या मागं धावलं नाही. दुसरा एक उंदीर त्याच्या नाकासमोरून गेला, आणि त्यानं नुसती मान वळवून तो गेलेला बघितला. म्हातारीनं डोळे पुसले आणि विचारलं, "हा कुणाला मारत नाही का?" मी म्हटलं, "नाही हो, याला तेवढा उत्साहच नाही." तिनं त्याला मांडीवर घेतलं. नखं तिनं मोजली नाहीत. दोन दिवसांनी ते एकोणीस जळगावला गेलं, तिच्याशेजारी गाडीत बसून. पुढे ते भरपूर जगलं, पोळीवर तूप खाऊन गोल झालं, असं आमच्या कानावर आलं. एवढं एक माझ्या मनासारखं झालं.

दोन उरली. आणि ऊन तापत चाललं होतं. पिसाळलेल्या कुत्र्याची पहिली हूल उठलीसुद्धा होती. मी दार लावून दोघांना आत घेऊन बसले होते.

सामानाची बांधाबांध चालू असताना आबा आले. या वेळी त्यांच्याकडे कागद नव्हता. ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी पाणी दिलं. मला वाटलं, यांचंही परत आलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, टोपली नव्हती.

"गई ती, माय," आबा म्हणाले. "बिबट्या लई गया तिले."

मी तांब्या खाली ठेवला.

"पन पळनी नही, बरं का," ते पुढं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता, अगदी खरा अभिमान. "बठ्ठा गावले सांगं मी. एवढीशी कुत्री, पन बिबट्याना समोर उभी ऱ्हायनी. भुकत ऱ्हायनी. मांगे सरकनी नही. ईसनखी व्हती ना!"

मी विचारलं, "आबा, बांधलेली होती का?"

"बांधेलच व्हती," ते म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "खुंटाले. सोडी तं ती तुमना घरकडे पळे. दोनतीन येळा वाटवरथीन धरीसन आणी मी तिले."

मला रडू आवरेना. ते बिचारे गोंधळले. माझ्या डोक्यावर हात ठेवायचा की नाही ते त्यांना ठरवता येईना. मी त्यांच्यावर ओरडावं असं मला फार वाटत होतं, पण ओरडायला जागा कुठं होती? त्यांनी तिला उपाशी ठेवलं नव्हतं. मारलं नव्हतं. तिच्यावर विश्वास ठेवला होता. सगळ्या चोपड्यात त्या पिल्लांवर विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस होता. आणि ती त्या माणसाकडून पळून माझ्याकडे येत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग आबांनी ते बोलून दाखवलं, ज्यासाठी ते आले होते. परत आलेली दोन पिल्लं त्यांना हवी होती. दोन्ही. बाजारात त्यांना कळलं होतं, की ती वाढली नाहीत म्हणून लोकांनी टाकली. "लोकेसले अक्कल नही," ते म्हणाले. "मी दखेल शे, ईसनखी काय ऱ्हास ते."

हे आतून दारात येऊन उभे होते. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आज तरी हे नाही म्हणतील. हे काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर, बोलले असते तरी त्यापुढं काय, ते यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. एका बाजूला गल्लीतल्या काठ्या, दुसऱ्या बाजूला आबांचा खुंटा. तिसरी बाजू मी किती दिवस शोधत होते, ती नव्हतीच.

मी म्हटलं, "आबा, बांधायची नाहीत. शेतात ठेवायची नाहीत. घरात, चुलीजवळ ठेवायची. माझी शपथ घ्या."

आबांनी गळ्याला हात लावला. "नही बांधसू, माय. तुमनी आन." त्या माणसानं शब्द दिला म्हणजे दिला. दोन्ही पिल्लं त्यांच्याबरोबर गेली, एक काखेत, एक पागोट्याच्या शेवात. मड्डम कोपऱ्यापर्यंत मागं गेली आणि परत येऊन माझ्या पायाशी बसली. मी तिच्याशी मराठीत पुष्कळ काही बोलले.

त्यानंतर आमचे चोपड्यातले थोडेच दिवस उरले होते. मी मागचं दार उघडं ठेवायची. सामान बांधता बांधता उठून बघायची. यावीत असंही वाटे, आणि येऊ नयेत असंही. आली नाहीत. मी मनाला समजावलं, दोघं आहेत, एकमेकांच्या सोबतीनं रमली असतील. चुलीजवळ झोपत असतील.

निघायच्या दिवशी सामान पुढं गेलं. हे मड्डमला दोरीनं धरून रस्त्यावर उभे होते. मी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्या दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली घरमालकाच्या माणसाला देताना सहज विचारलं, नवीन भाडेकरी कधी येणार. तो म्हणाला, दिवाळीशिवाय काही नाही.

मोटारअड्ड्यावर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आबा शब्दाचे पक्के. ते बांधणार नाहीत. आणि बांधलं नाही, की ती पळणार. आज नाही तर उद्या, दोघं मिळून, उन्हात, तेवढी लांब वाट तुडवत गल्लीत येणार, मागच्या दाराशी उभी राहणार. दार उघडणार नाही. दिवाळीपर्यंत. आणि गल्लीत लोक काठ्या घेऊन फिरत होते.

मोटारीनं भोंगा वाजवला. हे वर चढून बसले होते, मड्डम यांच्या पायांत. मी धावत अड्ड्यावरच्या पाराकडे गेले. आबांच्या गावाकडचा एक गाडीवान तिथं बैलांना पाणी पाजत होता. मी त्याला आबांची खूण सांगितली. तो ओळखत होता.

"काय सांगू, बाई?" तो म्हणाला.

हे वरून हाका मारत होते.

"सांगा," मी म्हटलं, "मास्तरीणबाईनं निरोप दिलाय. म्हणावं, पिल्लं बांधून ठेवा."